धुळ्याच्या माळ्यावरची कार सीट आणि रॉकेटवर बसलेला डॉक्टर

आज मोबाइल कुठला घ्यायचा, कुठलं ॲप भारी, असलं काही नाही. आज एका माणसाची गोष्ट सांगतो. नाव जॉन पॉल स्टॅप. पण आधी हा माणूस माझ्या आयुष्यात कसा घुसला ते सांगावं लागेल, कारण त्याला कारण आहे आमच्या सासुरवाडीचा माळा.

माझी बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, धुळ्याला गेली. मुलगी झाली. सव्वा महिना झाला की दोघींना जळगावला घेऊन यायचं ठरलं. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास, मध्ये पारोळा, एरंडोल. आपल्या गाडीने आरामात जाऊ, असं मी म्हटलं. मग कुणाला तरी आठवलं, की माळ्यावर बाळाची कार सीट पडलेली आहे. बायकोच्या आतेभावाची. हे दादा नाशिकला असतात. त्यांची मुलगी तान्ही असताना ते मुंबई-आग्रा हायवेने धुळ्याला यायचे, तेव्हाची ती सीट. मुलगी आता चौथीत आहे.

सीट खाली काढली. सासूबाईंनी कव्हर धुऊन उन्हात वाळवलं. दिसायला एकदम झकास. कुठे तडा नाही, बकल खट्कन बसतं. दादांनी फोनवर आनंदाने सांगितलं, की वापरा बिनधास्त, तुमचीच समजा. सासूबाईंचं तर मत होतं, की सीटच कशाला पाहिजे? आजीची मांडी आहे की. त्यांच्या तिन्ही लेकरांना त्यांनी मांडीवरच फिरवलंय आणि तिघंही धडधाकट आहेत.

मी सेकंडहँड फोन घेताना आयएमईआय बघतो, बॅटरी हेल्थ बघतो, स्क्रीन बदललेली आहे का ते बघतो. मग वाटलं, या सीटचं बॅटरी हेल्थ कुठे बघायचं? ते शोधायला बसलो आणि रात्री दीड वाजता स्टॅपपर्यंत पोचलो.

आधी एक आकडा

तुमच्या फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर नावाचा सेन्सर असतो. फोन आडवा केला की व्हिडिओ आडवा होतो, पावलं मोजली जातात, ते याच्या जिवावर. चिपच्या आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर टांगलेला असतो. फोनला धक्का बसला की तो किंचित सरकतो आणि तेवढ्यावरून धक्का किती मोठा ते कळतं. हा धक्का ‘जी’ मध्ये मोजतात. फोन टेबलावर शांत पडलेला असला तरी सेन्सर १ जी दाखवतो, म्हणजे आपलं रोजचं वजन. फिफॉक्स नावाचं मोफत ॲप टाकून बघा, आकडा ९.८ च्या आसपास दिसेल. तोच १ जी.

आता गाडी. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळली आणि साधारण ६० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर हिशेब १६ जीच्या घरात जातो. आमची मुलगी तेव्हा साडेचार किलोची होती. १६ जीला ती क्षणभर सत्तरेक किलोची होते. सासूबाई स्वतः अठ्ठावन्न किलोच्या आहेत. हातांनी धरायचं म्हणजे झोपेतून दचकून उठल्यासारखं एका निमिषात सत्तर किलोचं पोतं पकडायचं. मांडीचा विषय माझ्यापुरता तिथेच संपला. सासूबाईंना मात्र हे गणित मी सांगितलं नाही. वजनाचा उल्लेख आला असता.

पण १६ जी माणसाला झेपतो हे कळलं कसं? एक काळ असा होता, की १८ जीला माणूस मरतोच, असं विमानं बनवणारे धरून चालायचे. म्हणून वैमानिकाची खुर्ची आणि पट्टे तेवढ्याच ताकदीचे बनवायचे. जास्त मजबूत करून उपयोग काय, माणूस तर आधीच गेलेला असणार. हा समज ज्याने मोडला तो स्टॅप. आणि स्वतःच्या हाडांवर मोडला.

तीन दिवसांचं बाळ-राखण

स्टॅपचा जन्म ११ जुलै १९१० चा, ब्राझीलमधल्या बाहिया इथला. आईवडील अमेरिकन मिशनरी. चार भावांत हा थोरला. शिकायला टेक्सासमध्ये आला, तेव्हा त्याला लेखक व्हायचं होतं.

१९२८ च्या नाताळच्या सुट्टीत तो नातेवाइकांकडे गेला होता. त्या घरातलं एक लहान लेकरू, त्याचं चुलत भावंड, रांगत शेकोटीपाशी गेलं आणि भाजलं. स्टॅप जवळपास तीन दिवस त्याच्या उशाशी बसून होता. ते लेकरू वाचलं नाही. अठरा वर्षांच्या त्या पोराने तिथेच ठरवलं, की आपण डॉक्टर व्हायचं.

ठरवणं सोपं होतं, पैसे नव्हते. मंदीचा काळ. बेलर विद्यापीठातून प्राणिशास्त्रात पदव्या घेतल्या, शिकवण्या केल्या, टेक्सास विद्यापीठातून जीवभौतिकीत डॉक्टरेट केली आणि मग मिनेसोटाला जाऊन वैद्यकीचं शिक्षण पूर्ण केलं. १९४४ मध्ये तो सैन्याच्या हवाई दलात डॉक्टर म्हणून लागला तेव्हा चौतिशीत होता. त्या लेकराच्या उशाशी बसल्याला सोळा वर्षं झाली होती.

सुरुवातीला त्याला खूप उंचीवरच्या उड्डाणांवर काम दिलं गेलं. हवेचा दाब कमी झाला की वैमानिकांचे सांधे भयंकर दुखायचे, कधी जिवावर बेतायचं. स्टॅपने शोधून काढलं, की उड्डाणाआधी अर्धा तास शुद्ध ऑक्सिजन घेतला तर हा त्रास टळतो. हे प्रयोगही त्याने स्वतःवरच केले. सवय तिथूनच लागली म्हणा.

पाठ पुढे

१९४७ मध्ये तो कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या म्युरॉक तळावर आला. तिथे रुळांवर धावणारी एक लोखंडी घसरगाडी होती. मागे रॉकेटं आणि शेवटी करकचून ब्रेक. विमान आदळल्यावर माणसाचं काय होतं ते बघायचं होतं. आधी पुतळा बसवला, त्याचं नाव ऑस्कर. एका चाचणीत ऑस्करला मुद्दाम हलकाच पट्टा बांधला होता. ब्रेक लागले, गाडी थांबली, ऑस्कर नाही थांबला. समोरची इंचभर जाडीची लाकडी फळी फोडून तो सातशेएक फूट पुढे जाऊन पडला.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला धुळ्याच्या ओट्यावर वाळत घातलेले ते पट्टे डोळ्यांपुढे आले.

तीसेक चाचण्या पुतळ्यावर झाल्यावर डिसेंबर १९४७ मध्ये स्टॅप स्वतः बसला. पहिल्यांदा एकच रॉकेट. आणि बसला तो उलटा, म्हणजे पाठ प्रवासाच्या दिशेला करून. दुसऱ्या दिवशी तीन रॉकेटं. असं करत करत पुढच्या काही महिन्यांत तो उलट्या बसण्यात ३५ जीपर्यंत पोचला. १८ जीला मरायला हवं होतं, हा माणूस त्याच्या जवळपास दुप्पट धक्का खाऊन उठून चालत होता.

उलटं बसल्यावर इतकं का झेपतं? कारण धक्का पट्ट्याच्या दोन इंचांवर न येता पूर्ण पाठीवर, डोक्याच्या मागच्या भागावर पसरतो. मान झटकली जात नाही. लष्करी वाहतुकीच्या विमानांत खुर्च्या उलट्या लावा, असा आग्रह त्याने धरला आणि अमेरिकन हवाई दलाने अनेक विमानांत तसं केलंही.

आता तान्ह्या बाळाचा विचार करा. डोकं शरीराच्या मानाने केवढं मोठं, मान किती कच्ची. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन नावाच्या डॉक्टरने अंतराळवीर ज्या पद्धतीने पाठीवर धक्का घेतात ते पाहून बाळांसाठी उलट्या तोंडाची सीट तयार केली. युरोपच्या आजच्या नव्या नियमात तर किमान पंधरा महिन्यांपर्यंत बाळाला उलटंच बसवायचं असतं. बाळाचं तोंड आपल्याला दिसत नाही म्हणून लोक सीट सरळ फिरवतात, तसं करू नका. आणि उलटी सीट पुढच्या, एअरबॅग चालू असलेल्या जागेवर तर कधीच नाही. एअरबॅग सीटच्या पाठीवर आदळते आणि त्या पाठीमागे बाळाचं डोकं असतं.

पुढे स्टॅप सरळ तोंडाने बसून प्रयोग करायला लागला आणि तिथे मात्र त्याने भरपूर मार खाल्ला. बरगड्या मोडल्या, मनगट मोडलं, दाताचं फिलिंग उडालं, डोळ्यांत रक्त उतरलं. दिवसा हे आणि संध्याकाळी तळावरच्या कुटुंबांना फुकट तपासायचा.

मर्फीचा नियम

हे तुम्हाला नक्की माहीत असेल. जे बिघडू शकतं ते बिघडतंच, असं सांगणारा तो मर्फीचा नियम. त्याचा जन्म याच रुळांवर झाला. १९४९ मध्ये एडवर्ड मर्फी नावाचा इंजिनिअर धक्का मोजायचे नवे सेन्सर घेऊन आला. चाचणी झाली आणि सेन्सरने आकडा दिला शून्य. कारण सगळे सेन्सर उलटे जोडले गेले होते. मर्फी वैतागून काहीतरी बोलला आणि स्टॅपच्या टोळीने त्याचा नियम करून टाकला. पुढे पत्रकारांनी स्टॅपला विचारलं, की एवढ्या धोक्यात कुणी गंभीर जखमी कसं झालं नाही, तेव्हा त्याने याच नियमाचं नाव घेतलं. काय काय चुकू शकतं याचा आम्ही आधीच विचार करतो, असा त्याचा अर्थ होता. आपण मात्र हा नियम नशिबाला शिव्या घालायला वापरतो.

१० डिसेंबर १९५४

न्यू मेक्सिकोतल्या होलोमन तळावर नवी घसरगाडी, नाव सॉनिक विंड. नऊ रॉकेटं. ब्रेक म्हणजे रुळांमधल्या पाण्यात बुडणारे पत्रे. आपले डोळे जाऊ शकतात हे स्टॅपला माहीत होतं, म्हणून अंधारात कपडे चढवायचा सराव त्याने आधीच करून ठेवला होता.

पाच सेकंदांत वेग ताशी १०१७ किलोमीटर. वरून फोटो काढायला उडत असलेलं जेट विमान मागे पडलं. मग १.४ सेकंदात सगळं थांबलं. कमाल धक्का ४६.२ जी. त्या क्षणी त्याचं वजन साडेतीन टनांइतकं झालं होतं. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, त्याला काही दिसेना. डोळे गेले असंच त्याला वाटलं. पण थोड्या वेळाने उजेड दिसायला लागला, मग माणसं. काळेनिळे डोळे काही दिवसांत बरे झाले. रॉकेटवरची त्याची ती एकोणतिसावी आणि शेवटची फेरी.

वर्तमानपत्रांनी त्याला पृथ्वीवरचा सर्वांत वेगवान माणूस केलं. टाइमच्या मुखपृष्ठावर आला. आणि या प्रसिद्धीचा त्याने जो उपयोग केला, त्यामुळे मला तो आवडायला लागला.

त्याच्या लक्षात आलं होतं, की हवाई दलाचे जितके वैमानिक विमान पडून मरतात, जवळपास तितकेच सुट्टीवर असताना गाडीच्या अपघातात मरतात. आकाशात त्यांना वाचवायला आपण हाडं मोडून घेतोय आणि रस्त्यावर त्यांच्या गाडीत साधा पट्टा नाही! मग तो प्रत्येक मुलाखतीत रॉकेटवरून सीट बेल्टवर यायचा. १९५५ मध्ये त्याने होलोमनला गाड्या बनवणाऱ्यांना आणि संशोधकांना बोलावून अपघातावरची परिषद भरवली. ती परिषद त्याच्या नावाने आजही दरवर्षी भरते. १९६६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली तेव्हा स्टॅप तिथे हजर होता. १९६८ पासून तिथल्या नव्या गाड्यांत सीट बेल्ट सक्तीचे झाले, १९७१ मध्ये मुलांच्या सीटसाठीही पहिला नियम लागू झाला. स्टॅप १३ नोव्हेंबर १९९९ ला न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोला वारला. एकोणनव्वद वर्षं जगला.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर हजार रुपये दंड. जळगाव-धुळे रस्त्यावर तो भरताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही.

मग त्या सीटचं काय केलं?

दुसऱ्या दिवशी मी सीट उलटी करून बसलो. प्लास्टिकच्या सांगाड्याखाली बनवल्याची तारीख सापडली. हिशेब केला तर दहावं वर्ष चालू. बहुतेक कंपन्या सहा ते दहा वर्षांची मुदत देतात. त्यात ही सीट सहा वर्षं माळ्यावर, पत्र्याखाली. धुळ्याचा मे महिना पत्र्याखाली कसा असतो ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. उष्णतेने प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होतं आणि वरून काही कळत नाही. मानकाचं लेबल अर्धं फाटलेलं. आपल्याकडे एआयएस ०७२ किंवा युरोपचं गोलातलं ई, यातलं काहीतरी दिसायला हवं. तेही वाचता येईना.

तरी मन म्हणत होतं, की एकच तर फेरी आहे, नव्वद किलोमीटरची.

मग राहिला शेवटचा प्रश्न, जो विचारायला मला सगळ्यात जड गेलं. या सीटने कधी अपघात पाहिलाय का? मोठ्या माणसाने प्रेमाने दिलेल्या वस्तूबद्दल असं विचारायचं कसं? ते बायकोने विचारलं. दादा आधी नाही म्हणाले. थोड्या वेळाने त्यांचाच परत फोन आला. चांदवडच्या पुढे एकदा एका पिकअपने बाजूने ठोकलं होतं, पण अगदी किरकोळ. बाळाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त मागचा दरवाजा बदलावा लागला.

मागचा दरवाजा. म्हणजे सीटच्या अगदी शेजारचा. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याच्या सल्ल्यानुसार किरकोळ अपघातानंतर सीट पुन्हा वापरता येते, पण किरकोळ कशाला म्हणायचं ते त्यांनी पक्कं ठरवलंय. गाडी स्वतःच्या चाकांवर चालत गेली पाहिजे, एअरबॅग उघडलेली नको, कुणाला इजा नको, सीटवर दिसणारं नुकसान नको आणि सीटजवळचा दरवाजा शाबूत हवा. पाचही गोष्टी जुळल्या तरच. एक चुकली की सीट बाद. कारण अपघातात पट्ट्यांची वीण ताणली जाते, आतला फोम दबतो, सांगाड्याला केसाएवढी चीर जाते. फोन पडल्यावर काच शाबूत राहते आणि महिनाभराने आतली बॅटरी फुगते, तसंच. फरक एवढाच, की सीट फुगून इशारा देत नाही. ती तिच्या दुसऱ्या अपघातात कळते.

दादांना मी स्वतः फोन केला. त्या दिवशी या सीटने तुमच्या मुलीसाठी जे करायचं ते करून टाकलंय, असं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, की इतकी वर्षं ते ती दुसऱ्या कुणाला तरी द्यायची म्हणूनच जपत होते.

माळ्यावर परत ठेवली असती तर पुढच्या बाळंतपणाला ती पुन्हा खाली आली असती. भंगारवाल्याला अख्खी दिली असती तर त्याने पुसून विकली असती. म्हणून ओट्यावर बसून कात्रीने सगळे पट्टे कापले आणि सांगाड्यावर जाड मार्करने अपघातग्रस्त, वापरू नका, असं लिहिलं. सासूबाईंनी नुकतंच धुतलेलं कव्हर आधी काढून घेतलं. त्याचं त्या काय करणार आहेत माहीत नाही.

नवी सीट दहा हजारांच्या आत आली. बसवायला मला आणि मेहुण्याला मिळून पाऊण तास लागला, कारण आमच्या गाडीचा मागचा बेल्ट उलट्या सीटभोवती जेमतेम पुरला. तुम्ही घ्याल तेव्हा आधी गाडीत लावून बघा. उलट्या सीटमध्ये पट्टे बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत. जाड दुपटं पट्ट्याच्या आत नको, वरून घाला. आमचा यावरून सासूबाईंशी वाद झाला आणि दुपटं वरूनच आलं.

सकाळी सहाला निघालो. बायको आणि सासूबाई मागे, मध्ये सीट. सासूबाईंचा हात सगळ्या रस्त्याने सीटच्या कडेवर होता. मेहुणा पुढे माझ्या शेजारी, त्याच्या फोनवर फिफॉक्स चालू. पारोळ्याच्या अलीकडे एक स्पीड ब्रेकर मला दिसलाच नाही. आकडा १.९ जीवर जाऊन आला. मुलगी जागी झाली नाही, पण मेहुण्याने एरंडोलपर्यंत माझ्या ड्रायव्हिंगवर भाषण दिलं.